चालावे लवकर, उचलावे उशिरा : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा क्रम



वारकरी सज्जनहो, देहाविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा त्याच्या नश्वरपणाविषयी बोलतो. ते खरेच आहे. परंतु ज्या पायांनी पंढरीची वाट तुडवायची आणि ज्या कंठाने नाम घ्यायचे, ते पाय आणि तो कंठ याच देहाचे आहेत. म्हणून देहाची निगा हाही शास्त्राचाच विषय आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्याला आहार आणि विहार युक्त ठेवायला सांगितले, ते काही उगाच नव्हे. आजच्या पाठाचा विषय विहाराचाच आहे. पोटाची शस्त्रक्रिया झाल्यावर चालणे, उठबस, काम, भजन आणि वारी ही पुन्हा कोणत्या क्रमाने सुरू करावी, एवढेच पाहावयाचे आहे.

अमरावती-अकोल्याच्या गावांतून सप्ताहाला हिंडताना आता असे गाव आढळत नाही, की जेथे दहा-वीस माणसांच्या पोटावर टाके पडलेले नाहीत. कोणाचे अपेंडिक्स, कोणाचा हर्निया म्हणजे अंतर्गळ, कोणाच्या पित्ताशयातले खडे, कोणाच्या आतड्याला छिद्र. मायबहिणींमध्ये सिझेरियन आणि पिशवीचे ऑपरेशन. पूर्वी अशा दुखण्यांनी माणूस दगावत असे. आज तो आठ-दहा दिवसांत घरी येतो. ही विद्येची मोठीच कृपा. पण घरी आल्यावर काय करावे, हे नीट विचारणारा विरळा आणि नीट सांगणाराही विरळाच. मग चौकात प्रश्न येतो, “महाराज, टाके त निघाले. दुखत बी नाही आता. मंग काहून घरी बसू?”

या प्रश्नाचे उत्तर शास्त्राच्या रीतीने, म्हणजे पूर्वपक्ष आधी आणि सिद्धान्त मागून, असे पाहू.

दोन पूर्वपक्ष

पहिला पूर्वपक्ष असा : पोट फाडले आहे, तर महिना-दीड महिना खाटेवरून उतरूच नये. घरातली वडीलधारी माणसे प्रेमापोटी हेच सांगतात. “हलू नको बापा, टाके तुटतील.” मग माणूस पडून राहतो, तोंडात घास भरवून घेतो आणि अधिकच क्षीण होतो.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट : टाके निघाले म्हणजे सर्व मोकळे. जखम वरून मिटली, डॉक्टरने घरी सोडले, आता वखर धरायला काय हरकत? हा पक्ष कष्टकरी माणसाचा आहे. त्याला बसून खाणे परवडत नाही, म्हणून तो त्याला पटतो.

दोन्ही पक्षांत अर्धे अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच दोन्ही घातक आहेत. सिद्धान्त असा : चालावे लवकर, उचलावे उशिरा. चालण्याला विलंब केला तर एक तऱ्हेचा अपाय होतो, उचलण्याची घाई केली तर दुसऱ्या तऱ्हेचा. आता याची कारणे पाहू.

जखमा दोन असतात

पोटाच्या शस्त्रक्रियेत जखम एक दिसते, पण असतात दोन. वरची कातड्याची आणि आतली पोटाच्या भिंतीची. कातड्याचे टाके साधारण सात ते चौदा दिवसांत काढतात. पण कातड्याखाली, स्नायूंना धरून ठेवणारे एक पांढरे चिवट आवरण असते. आतड्यांचा सर्व भार तेच पेलते. मोठ्या चिऱ्याच्या शस्त्रक्रियेत तेही कापून पुन्हा शिवलेले असते. ते टाके डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून माणसाला त्यांचा विसर पडतो.

भरून येणाऱ्या जखमेचे बळ कसे वाढते, ते जुन्या रुपया-आण्याच्या हिशेबाने सांगतो. निरोगी जागेचे बळ सोळा आणे धरा. जखमेच्या ठिकाणी पहिल्या आठवड्याअखेर जेमतेम अर्धा आणा बळ असते. तोवर सगळा भार दोऱ्यावर. तिसऱ्या आठवड्यात सुमारे चार आणे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास आठ आणे. तीन महिन्यांनी बारा-तेरा आणे. आणि पूर्ण सोळा आणे तर पुढेही कधी परत येत नाहीत. हे आकडे ढोबळ आहेत. वय, मधुमेह, रक्तपांढरी आणि तंबाखू यांनी ते आणखी मागे पडतात. पण एवढे लक्षात ठेवा, की टाके निघतात त्या दिवशी हातात आणा-दीड आणा असतो आणि माणूस सोळा आण्यांचा सौदा करायला निघतो.

त्याचा परिणाम काय? जुन्या चिऱ्याच्या जागी भिंत विरते आणि आतडे बाहेर डोकावू लागते. यालाही हर्नियाच म्हणतात. पोटाच्या मधोमध मोठा चिरा घेतलेल्या शंभर माणसांत पुढे दहा ते वीस जणांना हे होते, असे शल्यशास्त्र सांगते. सर्वच काही घाईमुळे होत नाही. स्थूलपणा, खोकला, जखमेत झालेला पू हीही कारणे आहेत. पण घाई न करणे आपल्या हातात आहे.

आमच्या ओळखीचा एक मृदंगी होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टरने तीन महिने वाद्य गळ्यात अडकवू नको म्हणून बजावले. तिसऱ्या आठवड्यात गावचा सप्ताह आला. “एकच रात्र तर वाजवायची,” म्हणून तो उभा राहिला, आणि एकाच्या पाच रात्री झाल्या. सहा महिन्यांनी व्रणाच्या जागी लिंबाएवढा फुगवटा दिसू लागला. पुन्हा पोट उघडावे लागले, जाळी बसवावी लागली, आणि एका सप्ताहापायी त्याचा मृदंग वर्षभर खुंटीला टांगून राहिला.

शास्त्राधार

कोणी म्हणेल, हे आजच्या डॉक्टरांचे बोलणे झाले. तर सुश्रुतसंहिता पाहावी. चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात पोट उघडून आतडे शिवण्याची क्रिया सांगितली आहे. आतड्याच्या छिद्राच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्यांकडून चावा घेववावा, मुंगीचे धड काढून टाकावे आणि डोके तसेच टाक्यासारखे राहू द्यावे, अशी ती युक्ती आहे. ज्या आचार्यांनी इतका विचार केला, त्यांनी पुढच्या पथ्याचाही केला. सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात ते सांगतात, की व्रणी माणसाने उठताना, निजताना, कूस बदलताना, चालताना आणि मोठ्याने बोलताना सावध राहून व्रण जपावा. ध्यानात घ्या, ‘चालू नये’ असे म्हटलेले नाही. ‘सावधपणे’ असे म्हटले आहे. आणि त्याच स्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगतात, की व्रण भरून आला तरीही त्या जागेला स्थैर्य येईपर्यंत अजीर्ण, व्यायाम, मैथुन, क्रोध इत्यादी वर्ज्य करावे. भरणे वेगळे आणि स्थिर होणे वेगळे, हा भेद आचार्यांनी तेव्हाच केला होता. आजचे शल्यशास्त्र तेच मोजमाप लावून सांगते.

उलट बाजूने, खाटेवर पडून राहण्याचा दोषही आता पक्का ठरला आहे. एके काळी पाश्चात्त्य देशांतही पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्याला दोन-तीन आठवडे निजवून ठेवीत. १८९९ साली अमेरिकेतील शिकागोच्या एमिल रीस या शल्यविशारदाने रोग्यांना लवकर उठवावे असे मांडले. फारसे कोणी ऐकले नाही. पुढे १९४० नंतर डेट्रॉइट शहरातल्या डॅनियल लाइथाउझर यांनी अपेंडिक्सच्या रोग्यांना लगेच चालवून त्याचा लाभ दाखवला, तेव्हा मत बदलू लागले. १९९० नंतर डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी तर सगळी पद्धतच बांधून दिली; लवकर उठवणे, लवकर चालवणे, लवकर खाऊ घालणे. कारण असे, की पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्त गोठते आणि ती गाठ फुप्फुसात जाऊन बसली तर प्राणावर बेतते. छातीत कफ साचतो. आतडी सुस्तावतात. स्नायू वितळतात. म्हणून आज शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, काही वेळा त्याच दिवशी, परिचारिका उठवून बसवते. ती निर्दय नव्हे, ती खरी हितचिंतक आहे.

एक थोर उदाहरण

महाराष्ट्रातच घडलेले एक उदाहरण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचे दुखणे झाले. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने त्यांचे पोट उघडले. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. गांधीजींचे वय तेव्हा ५४ वर्षांचे. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना मुक्त केले. देशभर त्यांची वाट पाहिली जात होती. पण सुटताच ते दौऱ्यावर निघाले नाहीत. मार्चमध्ये जुहूच्या समुद्रकाठी विश्रांतीला गेले आणि मेअखेरपर्यंत तेथे राहिले. एप्रिलमध्ये ‘यंग इंडिया’चे संपादन पुन्हा हाती घेतले. म्हणजे आधी लेखणी उचलली, प्रवासाचा भार मागून.

आणि त्याच पोटाने, सहा वर्षांनी, साठी पुरी झाल्यावर ते १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिलला दांडीला पोचले. सुमारे ३८५ किलोमीटर पायी. त्यातही सोमवारी चालणे बंद असे. ज्याला पुढे लांब चालायचे आहे, त्याने आधी पुरते थांबावे आणि चालतानाही विसावा घ्यावा, हा धडा वारकऱ्याने घेण्यासारखा आहे.

क्रम

आता प्रत्यक्ष क्रम. शस्त्रक्रिया दोन प्रकारची असते. एक मोठ्या चिऱ्याची, दुसरी दुर्बिणीतून लहान छिद्रांची. खालचा क्रम मोठ्या चिऱ्याचा आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बहुधा दोन ते चार आठवड्यांत माणूस नेहमीच्या हलक्या कामाला लागतो. पण बाहेर छिद्र लहान म्हणून आत काही झालेच नाही, असे समजू नये. प्रत्येकाच्या पोटात काय केले हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. म्हणून आपल्या डॉक्टरचा शब्द या लेखाच्या वर मानावा. रुग्णालयातून निघतानाच त्यांना तीन प्रश्न विचारावेत : चिरा आत कुठवर आहे? किती दिवस किती वजन उचलू नये? पुन्हा दाखवायला केव्हा येऊ?

पहिले दिवस. खाटेवरच दर तासाला आठ-दहा दीर्घ श्वास घ्यावेत. पायाचे पंजे वर-खाली करावेत. खोकला वा शिंक आली तर उशी पोटाशी हलकेच दाबून धरावी. उठताना एकदम उताणे उठू नये. गुडघे दुमडून कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने बसते व्हावे. ही एक सवय तीन महिने मोडू नये. डॉक्टरने परवानगी दिली की कोणाच्या तरी आधाराने खोलीतल्या खोलीत चालावे.

पहिले दोन आठवडे. घरात, अंगणात, सपाट जागी पाच-दहा मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा चालावे. रोज थोडे वाढवावे. पाठीत वाकून चालू नये; भीतीने माणूस वाकतो आणि मग कंबर धरते. चार-पाच किलोंहून जड काही उचलू नये. चार-पाच किलो म्हणजे साध्या बादलीत पाव भाग पाणी, त्याहून अधिक नाही.

तिसरा ते सहावा आठवडा. गावात पारापर्यंत, देवळापर्यंत जावे. एका दमात वीस-तीस मिनिटांपर्यंत हळूहळू वाढवावे. उताणे निजून, गुडघे उभे करून, श्वास सोडताना बेंबी हलकेच आत ओढावी, पाच अंक मोजून सोडावी. असे सकाळ-संध्याकाळ सात-आठ वेळा. दुखले तर थांबावे. वजनाची मर्यादा तीच.

सहा ते बारा आठवडे. डॉक्टरने तपासून होकार दिल्यावर हलकी कामे. वजन थोडे थोडे वाढवावे. उचलताना गुडघ्यात वाकावे, वस्तू अंगाशी धरावी आणि श्वास रोखू नये; उचलता उचलता श्वास सोडावा. श्वास कोंडून जोर केला की सगळा दाब पोटाच्या भिंतीवर येतो. वखरणी, डवरणी, कापसाचे गाठोडे, संत्र्याचे क्रेट, खताची पोती ही बारा आठवड्यांच्या आत नकोत.

बारा आठवड्यांनंतर. दंड, बैठका, सूर्यनमस्कार, नौकासन, कपालभाती, भस्त्रिका यांचा विचार इथून पुढे, तोही पुसून आणि थोड्यापासून. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापले. तेथील चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. ज्या भागात अशी परंपरा आहे तेथे वेगळे सांगायला नको, की आखाड्यात नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी जड मुद्गल देत नाहीत. शस्त्रक्रिया झालेला पहिलवानही त्या अर्थाने नवशिक्याच असतो.

व्यायामाचे माप कोणते? सुश्रुतांनी सांगितले आहे, की आपल्या बळाच्या अर्ध्याने व्यायाम करावा आणि श्वास तोंडाने यायला लागला की अर्धे बळ संपले असे समजावे. वारकऱ्याला याहून सोपे माप आहे. चालताना ‘ज्ञानोबा-तुकाराम’ सलग म्हणता येते, तोवर गती योग्य. नाम तुटू लागले, तर गती अधिक झाली. थांबावे, बसावे.

भजनातली कामे

वारकऱ्याचा व्यायाम आखाड्यात कमी आणि भजनात जास्त होतो, म्हणून हे वेगळे सांगतो. बसून टाळ वाजवणे, हळू आवाजात हरिपाठ म्हणणे याला घरी आल्यावर बहुधा अडचण नसते. वरच्या पट्टीत गाताना मात्र पोट आवळले जाते. म्हणून सहा आठवडे चाल दुसऱ्याने सांगावी, आपण धरावी. आम्हा कीर्तनकारांना दोन-दोन तास उभे राहून बोलायचे असते, त्यांनी प्रथम अर्धा तास बसून प्रवचन करावे आणि मग वाढवावे. पावली, फुगडी, हुतूतू, उड्या ही बारा आठवडे बंद. मृदंग पट्ट्याने गळ्यात अडकवला की त्याचा भार पोटावर टेकतो. तोही बारा आठवडे नको. पताकेची काठी कमरेच्या पट्ट्यात खोचली की वाऱ्याचा सगळा ओढा पोटावर येतो. ती शेजाऱ्याच्या हाती द्यावी. दंडवत घालताना पोटावर पडणे आणि हातांवर उठणे आले, म्हणून उभ्यानेच हात जोडावेत. देवाला ते पोचते.

पोटपट्टा बांधला तर चालताना बरे वाटते. पण पट्टा हा आधार आहे, परवाना नव्हे. पट्टा बांधून पोते उचलणे म्हणजे छत्री घेऊन पुरात उतरणे.

मायबहिणींसाठी

हा भाग घरातल्या पुरुषांनी वाचावा. पिशवीचे ऑपरेशन वा सिझेरियन झालेली बाई दहाव्या दिवशी चुलीपुढे असते आणि महिन्याच्या आत कापूस वेचायला वावरात. विचारले तर म्हणते, “घरचं कोन करन, माय?” तिचे पोटही पोटच आहे. भरलेला हंडा पंधरा किलोच्या घरात जातो. वर्षाचे लेकरू आठ-नऊ किलोचे असते. हापसा मारताना सगळा जोर पोटावर येतो. तिने वारीत तुळशीवृंदावन डोक्यावर घ्यावे ही आपली हौस, पण त्याआधी तीन महिने तिच्या डोक्यावरचा हंडा आपण उतरवावा. बाळंतिणीने आपले तान्हे बाळ घ्यायला हरकत नाही. मोठे लेकरू असेल तर ती बसल्यावर कोणी तरी मांडीवर द्यावे. जो नवरा आषाढीला चंद्रभागेची घागर खांद्यावर आणतो, त्याला तीन महिने घरची घागर जड व्हायला नको.

आहार आणि व्यसन

कुंथणे हे वजन उचलण्याइतकेच वाईट. म्हणून कोठा साफ राहावा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, मुगाची उसळ, ताक आणि पुरेसे पाणी. जखम भरायला प्रथिने लागतात. नुसत्या पेजेवर ती भरत नाही. एकादशीचा नेम असेल तर साबुदाणा आणि बटाटा यांवर भर देऊ नये, त्याने बद्धकोष्ठ होतो. दूध, ताक, फळे, शेंगदाणे घ्यावेत. मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन चालू असेल तर उपासाचे आधी डॉक्टरला विचारावे. बिडीने जखम भरायला उशीर लागतो आणि खोकल्याने टाक्यांवर ताण येतो. खर्राही सोडावा. शस्त्रक्रिया हे व्यसन सुटण्याचे चांगले निमित्त आहे.

धोक्याच्या खुणा

ताप येणे, जखम लाल, गरम होणे वा तीतून पू येणे, दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, पोट फुगून उलट्या होणे आणि वारा सरणे बंद होणे, खोकताना व्रणाच्या जागी फुगवटा येणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे. यांतले काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकाएकी छातीत दुखून धाप लागली, किंवा जखम उकलून आतले काही बाहेर दिसू लागले, तर क्षणभरही थांबू नये. उकललेल्या जखमेवर स्वच्छ ओले फडके ठेवावे, काही आत ढकलू नये, खायला-प्यायला देऊ नये, रोग्याला गुडघे दुमडून निजवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती विनामूल्य आहे.

वारीचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. यंदा पायी जावे की न जावे? शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरीला जाते. महिनाभराची वाट, रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते, तिचीही वाट लांबच. जो रोज तीन किलोमीटर चालतो, त्याने दर आठवड्याला त्यात दहावा हिस्सा वाढवला, तर वीस किलोमीटर गाठायला वीस आठवडे लागतात. त्याआधीचे घरगुती चालण्याचे आठ आठवडे मिळवा. एकंदर अठ्ठावीस आठवडे, म्हणजे साडेसहा महिने. कार्तिकी एकादशीपासून ज्येष्ठापर्यंत सात महिने होतात. तेव्हा हिशेब सोपा : कार्तिकीच्या सुमारास ज्याचे पोट उघडले, त्याने नेमाने चालणे वाढवले आणि डॉक्टरने होकार दिला, तर तो ज्येष्ठात पालखीबरोबर निघू शकतो. माघ-फाल्गुनात ज्याचे झाले, त्याने काही मुक्कामांपुरतेच चालावे आणि बाकी वाट गाडीने करावी. चैत्र-वैशाखात ज्याचे झाले, त्याने यंदा एस.टी.ने वा रेल्वेने जावे किंवा घरूनच हात जोडावेत. दुर्बिणीची शस्त्रक्रिया असेल तर हे अंतर कमी होईल. पण किती, ते डॉक्टरने सांगावे.

सराव पहाटेच करावा. चैत्र-वैशाखात अकोल्याचे ऊन ४५ अंशांपर्यंत जाते. त्यात भरल्या दुपारी चालणे निरोग्यालाही मानवत नाही. पायी निघाल्यावर वळकटी सामानाच्या गाडीत टाकावी. गाडीवर चढताना उडी मारू नये. आणि विणेकऱ्याला आपले दुखणे आधी सांगून ठेवावे. दिंडीत लपवलेले दुखणे सर्वांना महाग पडते.

शंका आणि समाधान

शेवटी एक शंका उरते, आणि खरा अडसर तीच आहे. “तीस वर्षांचा नेम आहे महाराज, वारी चुकली त पाप नाही लागन?” या भीतीने किती तरी जण टाके ओले असताना निघतात. त्यांना सांगतो, पुंडलिकाची कथा आठवा. प्रत्यक्ष देव दारी आला, तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. त्याने हातातले काम टाकले नाही. वीट पुढे सारली आणि थांब म्हणाला. देव रागावला नाही, थांबला. जो सेवेसाठी युगानुयुगे थांबतो, तो तुमच्या टाक्यांसाठी एक वर्ष थांबणार नाही काय? नेम मोडतो तो आळसाने, औषधाने नव्हे. पायांना वर्षभर विसावा मिळाला तरी नामाला विसावा नको, एवढे सांभाळले की वारी चुकली असे होत नाही.

आणि दिंडीतल्या इतरांचेही एक कर्तव्य आहे. जो थांबला त्याला ‘भ्याला’ म्हणून हिणवू नये. त्याच्या नावाने तुळशीचे एक पान वाहावे, परत येताना त्याच्यासाठी बुक्का आणावा, आणि त्याच्या वावरातली एखादी पाळी डवरून द्यावी. पुढच्या वर्षी तो तुमच्या बरोबरीने चालेल, मग त्याच्या खांद्यावर पताका द्या.

रामकृष्णहरि.